एका पेडलमध्ये फझचं कूळ

ही पुस्तिका एका गिटार-पेडलविषयी आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणारी तीन जुनी फझ-सर्किटं त्यात शेजारी शेजारी बसतात आणि फिरत्या स्विचने हवं ते निवडता येतं. १९६२चा माएस्ट्रो फझ-टोन, १९६६चा फझ फेस आणि त्याच वर्षीचा टोन बेंडर मार्क २. मीरा रोडच्या शांती नगरात असतात तशा वन-बीएचके घरात, जेवणाच्या टेबलावर, साधं सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर घेऊन ते जुळवता यावं अशी त्याची आखणी केली आहे.

तीन वेगळी पेडलं घेऊन एकापुढे एक ठेवली तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. वाजवायला काहीच बिघडत नाही. पण ऐकायला बिघडतं. एक पेडल बंद करून दुसरं चालू करेपर्यंत दोन-चार सेकंद जातात, दोघांचा आवाज कमी-जास्त असतो, आणि कानाला जे जोरात असेल तेच चांगलं वाटतं. अशा तुलनेतून दंतकथा तयार होतात. अमुक नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्येच जादू आहे, तमुक सालचा माल आता मिळत नाही, लंडनहून मागवल्याशिवाय खरा आवाज येत नाही, असल्या गोष्टी गिटारवाल्यांच्या गप्पांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. तीच गिटार, तोच अँप्लिफायर, तेवढाच आवाज आणि मध्ये फक्त एक स्विच, अशी सोय झाली की या दंतकथा गळून पडतात. उरतं ते ऐकू येणारं नातं. ही तीन सर्किटं एकाच कुळातली आहेत, आणि त्यांच्यातला फरक ट्रान्झिस्टरवर छापलेल्या नावापेक्षा तो कुठल्या जागी बसवलाय आणि मोजल्यावर कसा भरतो यावर जास्त अवलंबून आहे. एवढंच मला सांगायचं आहे आणि सगळी पुस्तिका त्यासाठीच लिहिली आहे.

ज्यांनी फझ हा शब्द नुसता ऐकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा सिग्नल व्होल्टाच्या लहानशा अंशाएवढा असतो. तो इतका वाढवायचा की सर्किटला तो पेलवत नाही, मग लहरीचा माथा आणि तळ कापला जातो. गोलसर लहर चौकोनाकडे झुकते, मूळ सुरात नसलेले कितीतरी उपस्वर त्यात येतात, आणि एरवी पटकन विरणारी नोट लांबवर टिकून राहते.

त्याची सुरुवात झाली ती एका बिघाडातून. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलमधला एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिनचा बेस गिटारचा तुकडा भरभरीत, फाटल्यासारखा उमटला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली गाणं गाजलं. तिथले रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी पुढे रेव्हिस हॉब्स यांच्यासोबत तो आवाज ट्रान्झिस्टरवर मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये माएस्ट्रो या नावाखाली बाजारात आणलं. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि वीज फक्त ३ व्होल्टांची, दीड-दीड व्होल्टांच्या दोन सेलमधून येणारी. गिटारमधून ट्रंपेट, सॅक्सोफोन, चेलो यांच्यासारखे आवाज काढता येतील अशी त्याची जाहिरात होती. दुकानदारांनी सुरुवातीला माल उचलला आणि मग तो पडून राहिला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने चित्र पालटलं. कीथ रिचर्ड्‌सच्या मनात त्या जागी ब्रास वाद्यं होती, फझ त्याने नुसता खूण म्हणून वाजवला होता. पण रेकॉर्डवर फझच राहिला आणि जगभर तोच ऐकला गेला.

लंडनमध्ये तोवर दुसरी मागणी उभी राहिली होती. जेम्स बाँडच्या धूनमध्ये गिटार वाजवणाऱ्या व्हिक फ्लिकला माएस्ट्रोची नोट फार लवकर तुटते असं वाटे. त्याने ती तक्रार गॅरी हर्स्टकडे नेली आणि १९६५ मध्ये हर्स्टने पहिला टोन बेंडर बनवला. आराखडा माएस्ट्रोचाच होता, पण वीज ९ व्होल्टांची केली. पुढच्याच वर्षी त्याचं दोन ट्रान्झिस्टरचं छोटं रूप आलं, ज्याला आज संग्राहक मार्क १.५ म्हणतात. १९६६च्या शरदात आयव्हर आर्बिटर यांनी फझ फेस काढला. माइकच्या स्टँडचा गोल बैठा पाया पाहून त्यांना त्या गोल डब्याची कल्पना सुचली होती. डबा नवा होता, पण आतलं सर्किट जवळजवळ मार्क १.५चंच होतं. जिमी हेन्ड्रिक्सने तो पायाखाली घेतला आणि त्या गोल डब्याला कायमची कीर्ती मिळाली. त्याच सुमारास मार्क २ आला, म्हणजे मार्क १.५च्या पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर. चार-पाच वर्षांत, दोन शहरांत, एकमेकांचं काम उघडून बघत आणि थोडं थोडं बदलत ही माणसं पुढे गेली. म्हणून मी कूळ म्हणतो.

आता हे सगळं आपल्याकडे कसं पोचलं ते पाहू. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकलेली नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात वाजवणारे भूपिंदर पुढे गझलगायक म्हणून घरोघरी पोचले, त्यामुळे त्यांची ही गिटार अनेकांना नंतर कळते आणि आश्चर्य वाटतं. त्याच काळात सिमला सिगारेटच्या प्रचारासाठी इम्पीरियल टोबॅको कंपनी देशभरातल्या बीट-ग्रुपांची स्पर्धा भरवत असे. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या रेकॉर्ड निघाल्या, आणि त्यांत विशी-पंचविशीतल्या मुलांच्या हातचा फझ भरपूर ऐकू येतो. पुढे मुंबईच्या ऍटॉमिक फॉरेस्टच्या ‘ऑब्सेशन ७७’मध्येही तो आहे. परदेशी माल मागवायचा तर आयात परवाना, सीमाशुल्क आणि बाहेरून येणारा कुणी ओळखीचा माणूस, असं सगळं जुळून यावं लागे. म्हणून ज्यांना हा आवाज हवा होता त्यांतल्या बऱ्याच जणांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं दार ठोठावलं. हे दार योग्य होतं, कारण फझला लागणारा मुख्य भाग त्याच्या खणातच पडलेला असे.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमच्या सेमिकंडक्टरचं उत्पादन सुरू केलं, म्हणजे माएस्ट्रो बाजारात आला त्याच वर्षी. साठ आणि सत्तरच्या दशकांत खिशातल्या आणि कपाटावरच्या ट्रान्झिस्टर रेडिओंची संख्या वाढत गेली. त्यांच्या आवाज वाढवणाऱ्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा एसी१२८ची जोडी किंवा एसी१८७ आणि एसी१८८ अशी जोडी असे. फझ फेसच्या काही मूळ डब्यांत न्यूमार्केट कंपनीचे एनकेटी२७५ होते, आणि काहींत हाच एसी१२८. जो नंबर हेन्ड्रिक्सच्या काळच्या पेडलमध्ये सापडतो, तोच नंबर लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानात मळक्या पाकिटातून निघतो, चोरबाजारात मोडक्या रेडिओच्या पाटीवर सोल्डर केलेला मिळतो, गावाकडच्या माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या रेडिओतही असतो. ज्याला आपण अजूनही लॅमिंग्टन रोड म्हणतो तो कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मीरा रोडहून जायचं तर बहुतेक फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाहीत, मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाणं सोयीचं. मोडक्या रेडिओतली आउटपुट जोडी काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती बहुतेक वेळा कारखान्यातच जुळवून बसवलेली असते, म्हणून दोन्ही एकत्र ठेवा, वेगळे करू नका.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण फझविषयी आपल्याकडे ‘हा पाश्चात्त्य गोंगाट’ असं पटकन बोललं जातं. मिरजेचे तंबोरा करणारे कारागीर घोडीचा माथा इतक्या सूक्ष्म उताराने घासतात की तार त्यावर हलकेच घासत राहते, आणि तारेखाली सुताचा जीव सरकवून तो घासणारा बिंदू नेमका पकडतात. ही जवारी नीट लागली की सुराभोवती उपस्वरांचं झुंबर उभं राहतं. तारेच्या शुद्ध कंपनात मुद्दाम आणलेला हा खरखरीत थर आपल्या संगीताचा पाया आहे. त्याच्याशिवाय तंबोरा मुका वाटतो. फझची रीत वेगळी आहे, तिथे लहर विजेने कापली जाते, आणि मी दोघांना एका पंगतीत बसवत नाही. पण ज्या कानाने जवारी उघडली की बंद हे ओळखायला शिकलो, तो कान फझचा पोत ओळखायला आधीच तयार आहे. मराठी गिटारवाल्याने हे आपलं भांडवल मानावं.

आता सर्किटांकडे. पुढच्या प्रकरणांत आकृत्या येतीलच, इथे फक्त नातं दाखवतो.

फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर आहेत, प्रत्येकाला एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय. पहिल्याचा एमिटर सरळ ग्राउंडला आणि कलेक्टर ३३ किलोओहमच्या रेझिस्टरवर. त्याच कलेक्टरला दुसऱ्याचा बेस थेट जोडलेला, मध्ये कपॅसिटर नाही. दुसऱ्याच्या कलेक्टरवर ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम असे दोन रेझिस्टर एकापुढे एक, आणि आउटपुट या दोघांच्या मधून घेतलेलं. साधा हिशेब केला तर दिसेल की कलेक्टरवरच्या हालचालीचा सुमारे अठरावा भागच बाहेर येतो. तरी तो गिटारच्या मूळ सिग्नलपेक्षा मोठा असतो, आतमध्ये केवढी खळबळ चालू आहे ते यावरून ओळखावं. दुसऱ्याच्या एमिटरवर १ किलोओहमचा फझ-पॉट, आणि तिथून १०० किलोओहमचा रेझिस्टर मागे पहिल्याच्या बेसला. या मागे जाणाऱ्या वाटेमुळे दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना सांभाळून घेतात. मूठभर भागांतून एवढं घडवणारी रचना मला अजूनही विलक्षण वाटते.

मार्क २ म्हणजे या जोडीच्या पुढे एक जास्तीचा ट्रान्झिस्टर. आकड्यांत थोडे फरक आहेत, पण सांगाडा तोच. म्हणून आपल्या पेडलमध्ये मी ही जोडी दोन्ही स्थानांसाठी सामाईक ठेवली आहे. स्विच दुसऱ्या स्थानावर असताना गिटार सरळ जोडीत जाते. तिसऱ्यावर ती आधी त्या जास्तीच्या ट्रान्झिस्टरमधून जाते आणि मग जोडीत. शुद्धतावादी म्हणतील की मार्क २च्या जोडीचे मूळ आकडे फझ फेसच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. ते खरं आहे, आणि ज्याला हुबेहूब नक्कल हवी त्याने दोन वेगळ्या जोड्या बांधाव्यात. मला मात्र तो एक जास्तीचा ट्रान्झिस्टर काय करतो तेच ऐकायचं आहे, आणि बाकी सगळं तेच ठेवल्याशिवाय ते ऐकू येत नाही. स्विच फिरवताच जाडसर, गिटारच्या हाताला दाद देणारा फझ फेस दाट आणि चढेल होतो. नोट कितीतरी जास्त वेळ धरून राहते आणि कडा बोचऱ्या होतात. त्यानंतर पहिल्या स्थानावर आलं की माएस्ट्रोचा बारीक, मधमाशीच्या जातीचा आवाज ऐकू येतो. नोट जोरात उमटते आणि कापल्यासारखी संपते, कारण ३ व्होल्टांत सिग्नलला हलायला जागाच थोडी. व्हिक फ्लिकची तक्रार काय होती ते अशा वेळी वाचून समजावं लागत नाही.

मार्क २च्या त्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये या पुस्तिकेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट दडलेली आहे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसला काहीही दिलं नाही तरी थोडा प्रवाह गळत राहतो. सिलिकॉनमध्ये ही गळती इतकी कमी असते की विसरून चालतं, जर्मेनियममध्ये विसरून चालत नाही. फझ फेसच्या पहिल्या जागी गळती हा दोष आहे. ९ व्होल्ट आणि ३३ किलोओहम म्हणजे त्या कलेक्टरमधून फार तर २७० मायक्रोअँपियर वाहू शकतात. एखाद्या ट्रान्झिस्टरची गळतीच ३०० असेल तर सिग्नलसाठी काही उरतच नाही. मार्क २च्या पहिल्या जागी मात्र बेसला बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला जागं ठेवणारा बारीक प्रवाह, देणारी वेगळी सोयच नाही, फक्त १०० किलोओहमचा एक रेझिस्टर ग्राउंडला आहे. तो ट्रान्झिस्टर जागा राहतो तो स्वतःच्या गळतीच्याच जोरावर. तिथे अगदी कोरडा, न गळणारा ट्रान्झिस्टर बसवला तर आवाज मिणमिणता आणि तुटका येतो. दुकानदाराने ‘गळका’ म्हणून बाजूला टाकलेला ट्रान्झिस्टर या जागी राजासारखा बसतो. एका जागी टाकाऊ ठरलेला भाग दुसऱ्या जागी हवाच असतो, आणि दोन्ही जागा एकाच डब्यात शेजारी असल्या की पाकिटातला एकही ट्रान्झिस्टर फुकट जात नाही.

म्हणून मोजायचं. साध्या मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टर खुपसायची जी जागा असते ती जर्मेनियमच्या बाबतीत फसवते, कारण ती गळतीसुद्धा गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पटीने वाढवतो तो आकडा, म्हणून मोजते. आर. जी. कीन यांनी हौशी मंडळींसाठी लोकप्रिय केलेली पद्धत सोपी आहे. पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर ९ व्होल्टांच्या बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि कलेक्टर २.४७ किलोओहममधून ऋण टोकाला. २.२ किलोओहम आणि २७० ओहम एकापुढे एक जोडले की हा रेझिस्टर तयार होतो. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचा, हा गळतीचा आकडा. पाव व्होल्ट दिसला तर गळती सुमारे १०० मायक्रोअँपियर. मग बेसला २.२ मेगाओहममधून ऋण टोक द्या. बेसमध्ये सुमारे ४ मायक्रोअँपियर जातात आणि रेझिस्टरचा आकडा असा निवडलेला आहे की वाढलेल्या व्होल्टेजला १०० ने गुणलं की गेन मिळतो. आधी ०.२५ आणि नंतर १.०५ दिसलं तर फरक ०.८०, म्हणजे गेन ८०. ज्या मीटरला गळती वेगळी काढता येत नाही तो याच ट्रान्झिस्टरला १०५ म्हणेल. फझ फेसच्या पहिल्या जागी ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० गेनचे ट्रान्झिस्टर चांगले बसतात.

एकाच पाकिटातल्या ट्रान्झिस्टरांत एवढा फरक का पडतो, हा प्रश्न साहजिक आहे. त्या काळचे बहुतेक जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिश्रधातू-पद्धतीने बनत. जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही अंगांना इंडियमचे ठिपके ठेवून भट्टीत तापवलं जाई, आणि इंडियम दोन्हीकडून आत किती मुरलं यावर मधल्या थराची जाडी ठरे. ती नेमकी तेवढीच ठेवणं कठीण, म्हणून एकाच घाण्यात कमी गेनचे आणि जास्त गेनचे नग निघत. कारखाने ते मोजून वेगळे करत. आपल्याला तेच काम पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा करायचं आहे, कारण इतक्या काळात काही नगांची गळतीही वाढलेली असते.

यापुढचा भाग शांती नगरात राहणाऱ्याने दोनदा वाचावा. जर्मेनियमची गळती तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की दुप्पट होते. लंडनच्या खोलीत १८ अंशांवर बायस केलेलं सर्किट आणि मे महिन्यातल्या दुपारी सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली ठेवलेलं तेच सर्किट, यांत गळती तिप्पट-चौपट वेगळी असू शकते. आपल्याकडची जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांतही पंधरा-सोळा अंशांचं अंतर सहज पडतं. २५ अंशांवर १०० मायक्रोअँपियर गळणारा ट्रान्झिस्टर ३५ अंशांवर २०० गळतो, आणि वर दाखवलेली २७०ची मर्यादा मग फार लांब राहत नाही. सूर गुदमरतो, नोट फरफटत सुटते, आणि पेडल बिघडलं असं वाटून माणूस ते उघडून सोल्डर करत बसतो. बिघडलेलं काहीच नसतं. म्हणून परदेशी आराखडा जसाच्या तसा उतरवू नये. दोन गोष्टी बदलाव्यात. फझ फेसच्या पहिल्या जागेसाठी ट्रान्झिस्टर निवडताना गळतीची मर्यादा तिथल्यापेक्षा कडक ठेवावी. आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर पक्का न लावता तिथे बदलता येणारा पॉट द्यावा, तोही डब्याच्या आत न लपवता वर, हाताशी. कलेक्टरवर ४.५ व्होल्ट आले की आवाज मोकळा होतो. ऋतू बदलला की हा पॉट किंचित फिरवायचा.

उन्हाळ्यापेक्षा पावसाळा वेगळ्या तऱ्हेने छळतो. एका अंगाला खाडी, आजूबाजूला मिठागरं, त्यामुळे आपल्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही. उघड्या संपर्काचा फिरता स्विच एका पावसाळ्यात कुरकुर करायला लागतो. बंद बांधणीचा स्विच घ्यावा, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्यावेत. मोजून ठेवलेले ट्रान्झिस्टर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

स्विचविषयी चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पेडल चालणार की नाही ते त्यांवरच ठरतं. आपला स्विच चार पोल आणि तीन स्थानांचा आहे. एक पोल गिटारला वाट दाखवतो, दुसरा आउटपुट उचलतो, तिसरा मार्क २चा पहिला ट्रान्झिस्टर जोडीला जोडतो किंवा तोडतो, आणि चौथा माएस्ट्रोचं सर्किट वापरात नसताना त्याचं इनपुट ग्राउंडला बांधून ठेवतो. असं बांधलं नाही तर इतका गेन असलेली सर्किटं लहान डब्यात एकमेकांचं ऐकतात आणि शीळ घालतात. दुसरं म्हणजे, प्रत्येक इनपुट आणि आउटपुट कपॅसिटरच्या मोकळ्या टोकाला १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला द्यायचा, म्हणजे स्विच फिरवताना स्पीकरमधून ‘फट्‌’ असा आवाज येत नाही. तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. तिन्ही स्थानांना वेगळा ट्रिमर दिला आहे. कानाला तिन्ही आवाज सारखे जोरात वाटेपर्यंत ते जुळवल्याशिवाय कुठलंही मत बनवू नका. ही पायरी गाळली तर या पेडलचा हेतूच गेला.

चौथी गोष्ट गिटारच्या व्हॉल्यूमची, आणि तिच्याकडे जाणकारांचंही दुर्लक्ष होतं. फझ फेसची जोडी गिटारच्या पिकअपवर भार टाकते, कारण तिचा इनपुट इम्पीडन्स अगदी कमी, काही हजार ओहमांचाच. त्यामुळेच गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की फझ विरघळून लख्ख, किणकिणता आवाज येतो, आणि पायाने काही न दाबता एकाच गाण्यात दोन्ही वाजवता येतात. पिकअप आणि जोडी यांच्यामध्ये बफर, म्हणजे पिकअपवर भार पडू न देणारं सर्किट, आला की हे नातं तुटतं. आजची इलेक्ट्रॉनिक स्विचिंग सोयीची आहे, पण तिच्यात बफर घालायचा मोह होतो. म्हणून आपला स्विच निव्वळ धातूचा, हाताने फिरवायचा आहे. पायाखाली फक्त चालू-बंद करणारा ३पीडीटी स्विच येतो.

विजेबाबत सावधगिरी हवी. पीएनपी ट्रान्झिस्टरच्या या सर्किटांत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं, आणि तुमच्या इतर बहुतेक पेडलांत ऋण टोक. एकाच अडॅप्टरवरून दोन्हींना वीज दिली तर अडॅप्टर शॉर्ट होईल. या पेडलला स्वतःची ९ व्होल्टांची बॅटरी द्या. फझ फेसची जोडी जेमतेम पाऊण मिलिअँपियर घेते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी स्वस्त कार्बन-झिंक बॅटरीही कित्येक महिने पुरते. माएस्ट्रोसाठी दोन पेन्सिल सेलचा वेगळा खण ठेवला आहे. ९ व्होल्टांतून ३ व्होल्ट काढण्याच्या इतर युक्त्या आहेत, पण सेल सोपे आहेत आणि मूळ पेडलमध्येही दीड व्होल्टांचे दोन सेलच होते.

काही नावं इथे सापडणार नाहीत. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ सिलिकॉनचा, चार ट्रान्झिस्टरांचा, वेगळ्या विचाराचा आहे. टोन बेंडर मार्क ३ जर्मेनियमचाच, पण त्याची रचना आपल्या सामाईक जोडीत बसत नाही. डॅलस रेंजमास्टर एकाच ट्रान्झिस्टरचा आणि अतिशय सुंदर, मात्र तो फझ नव्हे, ट्रेबल वाढवणारा बूस्टर आहे. त्याच्यासाठी जागा काढावी असं मला फार वाटत होतं, पण डब्यात सहा ट्रान्झिस्टर झाल्यावर सातव्यासाठी स्विच आणखी मोठा घ्यावा लागला असता.

ज्याने कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही त्यानेही ही पुस्तिका घ्यावी. जर्मेनियमला सोल्डरची उष्णता सोसत नाही, म्हणून सगळे ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवायचे आहेत, सोल्डर फक्त सॉकेटला. त्यामुळे नवख्याच्या हातून ट्रान्झिस्टर भाजायची भीती राहत नाही, आणि नंतर एक काढून दुसरा बसवून ऐकताही येतं. काळ्या रंगाने झाकलेला काचेचा ओसी७१ ट्रान्झिस्टर मिळाला तर त्याचा रंग खरवडू नका. आतलं जर्मेनियम उजेडालाही दाद देतं, आणि खिडकीजवळ ठेवलं तर गळतीचा आकडा ऊन-सावलीप्रमाणे बदलत राहील.

पहिलं प्रकरण मोजणीचं आहे आणि ते ओलांडून पुढे जाऊ नये. मोजणी सकाळी करा, खोली तापायच्या आधी. चिमटीत धरलेला ट्रान्झिस्टर बोटांच्या उबेने लगेच जास्त गळू लागतो, म्हणून सॉकेटमध्ये बसवल्यावर काही मिनिटं थांबून मगच आकडा लिहा. प्रत्येकाच्या पायाला चिकटपट्टी लावून तिच्यावर गळती, गेन आणि त्या वेळचं खोलीचं तापमान अशा तीन गोष्टी नोंदवा. तापमान नसलेली नोंद पुढच्या ऋतूत उपयोगी पडत नाही.